रुसलेला तिसरा सिलिंडर

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां मोटार असेल, व ती बिघडली कीं तिला गॅरेजच्या स्वाधीन करून मोकळें होण्याची रीत पडली आहे. नव्या गाड्यांच्या बाबतींत त्यास इलाजही नाहीं. त्यांचें दुखणें त्यांना जोडलेलें दुसरें यंत्रच वाचून दाखवितें. परंतु जुन्या गाडीचें दुखणें ओळखणें हें अद्याप माणसाच्या कान, नाक, डोळे व डोकें यांचेंच काम आहे. तें काम आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत कसें पार पडलें, त्याची हकीकत आज सादर करीत आहें. कारण तींत मोटारीइतकाच घराचाही संबंध आहे.

आमचें बिऱ्हाड दादरच्या हिंदु कॉलनींत. थोरल्या काकांनीं १९७० सालीं एमजी टीडी जातीची दोन आसनांची उघडी मोटार जुनी म्हणूनच विकत घेतली. तिची घडण १९५१ सालची. मॉरिस गॅरेजेस या नांवाचीं आद्याक्षरें मिरविणाऱ्या या गाड्या इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें होत असत. टीडी ही जात १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत निघाली. सुमारें तीस हजार गाड्या तयार झाल्या, व त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेल्या. १२५० घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन आणि त्याला दोन कार्बोरेटर, असा तिचा थाट. त्याच दोन अक्षरांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी आज आपल्या रस्त्यांवरून निःशब्द जातात; त्यांना प्लगही नाहीं व पेट्रोलही नाहीं. काकांची गाडी त्या कुळांतली पणजी म्हणावी. वर्षांतून दहावीस वेळां ती बाहेर निघते. पण घरचा गणपति लालबागच्या कारखान्यांतून आणावयाचा तो तिच्यांतूनच, असा आमच्याकडे पन्नास वर्षांचा शिरस्ता आहे.

आषाढ लागला आणि गाडी 'मिसिंग' करूं लागली. हा शब्द आपल्या मिस्त्री लोकांचा, व तो नेमका आहे. चार सिलिंडरांनीं पाळीपाळीनें पेट घ्यावयाचा. त्यांतला एखादा आपली पाळी चुकवूं लागला, कीं इंजिन लंगडतें, गाडी गचके देते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. एका मिस्त्र्यानें पांच मिनिटें ऐकून निर्णय दिला : व्हॉल्व्ह जळला आहे, इंजिन उतरवून खोलावें लागेल, सामान विलायतेहून आणावें लागेल. त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून त्या रात्रीं पानांवरच घरची सभा भरली. धाकट्या मंडळींचें म्हणणें असें कीं, आहे त्या स्थितींत गाडी विकून टाकावी. दादरसारख्या ठिकाणीं ती अडवून बसलेली जागाच केवढ्याची आहे! त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. काका कांहीं बोलले नाहींत. ताकभात तसाच टाकून उठले, एवढेंच.

माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, विकायचं कीं नाहीं तें मागाहून ठरवा. पण व्हॉल्व्ह जळला आहे हें कुणी पाहिलं?" प्रश्न बिनतोड होता. कोणीं पाहिलें नव्हतें. सर्वांनीं ऐकलें होतें. तेव्हां एक वही घातली व दोन नियम केले. पहिला, एका वेळीं एकच फेरफार करावयाचा आणि त्याचा परिणाम लिहावयाचा. दुसरा, स्वस्त व सोपी परीक्षा आधीं, महाग व अवघड मागाहून. प्लग, पॉइंट, कॉइल, तारा असें सगळेंच एकदम बदललें तर गाडी कदाचित् सुधारेल. पण अपराधी कोण होता तें कळत नाहीं, आणि निरपराध भागांचे पैसे मात्र जातात.

पहिल्या रविवारीं स्वच्छ ऊन पडलें होतें. आम्ही मोठ्या तयारीनें इंजिन सुरू केलें, तों तें घड्याळासारखें चालूं लागलें! जो दोष हजर नाहीं तो शोधावा कसा? तासभर बसून कंटाळलों. तेवढ्यांत काकू चहा घेऊन आल्या व सहज म्हणाल्या, "आज कशाला खोकेल ती? आज बरणींतलं मीठ सुटं आहे."

आम्ही पाहतच राहिलों. काकू पुढें म्हणाल्या, "महिनाभर पाहतें आहें. ज्या सकाळीं मिठाला पाणी सुटतं, त्या सकाळीं तुमची गाडी फाटकापासून खोकत जाते."

"आजी, मग तूं आधीं कां नाहीं सांगितलंस?"

"मला विचारलं कुणी?"

या एका वाक्यानें तपासाची दिशा ठरली. जळलेला व्हॉल्व्ह ऊनपाऊस पाहून जळत नाहीं. जो दोष हवेंतील ओलाव्याबरोबर येतो व जातो, तो बहुधा विजेच्या वाटेवर असतो. त्या वाटेचें स्वरूप थोडक्यांत असें : बॅटरीची बारा व्होल्टची वीज कॉइलमध्यें दहा हजारांहून अधिक व्होल्टची होते, तेथून ती डिस्ट्रिब्यूटरमध्यें येते. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे वाढपीच. आंतला रोटर फिरत फिरत टोपींतील चार खुंट्यांना १-३-४-२ या क्रमानें वीज वाढतो, व तारेवाटे ती त्या त्या प्लगला पोंचते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या वाढाव्या लागतात. इतक्या दाबाच्या विजेला ओल, धूळ व मुंबईची खारी हवा यांतून पळवाट सांपडली, कीं ती प्लगपर्यंत जाण्याची तसदी घेत नाहीं. काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्स्यांच्या दिवसांत पावसांत बॉनेट उघडून कोरड्या फडक्यानें ही टोपी पुसणारे टॅक्सीवाले मीं हिंदमात्यापाशीं किती तरी पाहिले आहेत. कुर्ल्यास तयार होणारी ती प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली, आणि तें फडकेंही गेलें.

पुढें बुधवारीं रात्रभर पाऊस लागला. सकाळीं बरणींतल्या मिठाला पाणी सुटलें. आम्ही खालीं धांवलों. गाडी खोकत होतीच.

प्रथम कोणता सिलिंडर रुसला आहे तें पाहिलें. इंजिन बंद करावें, एका प्लगची तार काढून तिचें टोक इंजिनाच्या धातूस पक्कें टेकवावें, व पुन्हां सुरू करावें. चांगल्या सिलिंडरची तार काढली तर लंगडणें वाढतें. बिघडलेल्याची काढली तर फरक पडत नाहीं. पहिला, दुसरा व चौथा यांनीं तक्रार केली. तिसऱ्याची तार काढली तरी इंजिनाला पत्ता नव्हता. येथें दोन सूचना. चालू इंजिनाच्या तारेला हात लावूं नये, आणि दारें लावलेल्या जागेंत इंजिन चालवूं नये. धुरांतील विषारी वायूला वास नसतो. ही परीक्षा जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांपुरतीच समजावी. नव्या गाड्यांत तिनें नुकसान होतें.

मग तिसरा प्लग काढला. प्लगचा रंग हा जिभेच्या रंगासारखा असतो. फिकट तपकिरी व कोरडा असेल तर प्रकृति ठीक; काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त; तेलकट असेल तर तेल वर येतें आहे; पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी किंवा उष्णता फार. आमचा प्लग ओला होता व त्याला पेट्रोलचा वास होता. म्हणजे अन्न पोंचत होतें, चूल पेटत नव्हती. कार्बोरेटरही सुटला, कारण या इंजिनांत पुढचा कार्बोरेटर पहिल्या-दुसऱ्यास पुरवितो व मागचा तिसऱ्या-चौथ्यास, आणि चौथा तर नीट चालत होता.

नंतर दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचे प्लग आपसांत बदलले. दोष तिसऱ्यांतच राहिला, प्लग निर्दोष. तारा बदलल्या, दोष तेथेंच, तारा निर्दोष. मग कॉम्प्रेशनचें मापक उसनें आणून चारी सिलिंडरांचा दाब मोजला. चारी आंकडे एकमेकांच्या अगदीं जवळ आले. व्हॉल्व्ह जळला असता तर तिसऱ्याचा आंकडा खालीं पडला असता. ज्या व्हॉल्व्हपायीं गाडी विकावयास निघाली होती, तो येथें निर्दोष सुटला. पॉइंट, कंडेन्सर वा कॉइल यांत दोष असता तर चौघांनाही तो भोगावा लागला असता. राहिली एकटी टोपी.

रात्रीं पेट्रोल कोठें गळत नाहीं हें तपासून, दिवे मालवून इंजिन सुरू केलें. टोपीच्या कडेनें एक बारीक निळी रेघ लपलपत होती. सकाळीं भिंगाखालीं पाहिलें, तों तिसऱ्या खुंटीपासून कडेपर्यंत केंसाएवढी काळी वाट जळून पडलेली. कोरड्या दिवशीं वीज तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. ओलाव्यांत मात्र तिसऱ्याच्या वांट्याची ठिणगी त्या वाटेनें निघून जाई.

ती टोपी खिशांत घालून मी गिरगांवांत ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांत गेलों. चौथ्या दुकानीं एका वृद्ध गृहस्थांनीं ती उलटसुलट पाहून माळ्यावरून जोडीची काढून दिली. मिस्त्र्यानें सांगितलेल्या खर्चाचा तो शंभरावा हिस्साही नव्हता. तथापि त्या मिस्त्र्यास मी दोष देत नाहीं; पांच मिनिटांत निकाल मागणारे आम्हीच होतों.

पुन्हां घरची सभा भरली. विक्रीचा प्रश्न मिटला नव्हता, व आजही मिटलेला नाहीं. जागेची अडचण खरी आहे, आणि वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना कितपत मानवेल ही चिंताही खरी आहे. पण या वेळीं काका बोलले. "विकायची तर विका. मात्र आजारी म्हणून विकूं नका. ती आजारी नव्हती." कोणीं उत्तर दिलें नाहीं. मग माझ्या धाकट्या भावानें काकूंकडे वळून विचारलें, "काकू, तुम्हांला काय वाटतं?" त्या सभेंत त्यांना असें कोणीं विचारल्याचें मला तरी स्मरत नाहीं. काकू म्हणाल्या, "गणपति होऊं दे. मग पाहूं."

गणपति आणण्याच्या दिवशीं सकाळपासून झिमझिम होती. मूर्ति मांडीवर घेऊन बसण्याचा मान आजवर घरांतल्या एखाद्या पुरुषाकडे असे. यंदा तो काकूंना दिला. भारतमाता, परळ, हिंदमाता, दादर टी. टी. असा सारा रस्ता चारी सिलिंडर एका सुरांत चालले.

निघण्यापूर्वीं काकांनीं बॉनेट उघडलें नव्हतें. ते स्वयंपाकघरांत जाऊन मिठाची बरणी पाहून आले होते.