फोन फॉरमॅट केला की मिटलं?

गेल्या ईदला निलंग्यात घरी होतो. नात्यातले एक चाचा मुलाचा मोबाइल घेऊन आले. "बेटा, तू इंजिनिअर आहेस ना, यातलं सगळं साफ कर. इज्जतीचा सवाल आहे." कॉलेजच्या मुलांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लहान मुलीच्या लैंगिक छळाचा व्हिडिओ टाकला होता. पोराने तो पाहिला आणि ठेवून दिला. पुढे पाठवला नाही म्हणे. चाचांना एकच विचारायचं होतं, शिक्षा किती?

याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. फाइल हाती आल्यावर तुम्ही काय केलंत, हे न्यायालय आधी पाहतं. पोक्सो कायद्याच्या कलम 15 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर तीन पायऱ्या आहेत. पुढे पाठवण्याच्या इराद्याने फाइल ठेवली, मिटवली नाही किंवा कळवली नाही, तर किमान 5,000 रुपये दंड. पसरवण्यासाठी ठेवली तर 3 वर्षांपर्यंत कैद. धंद्यासाठी ठेवली तर 3 ते 5 वर्षं. दुसरीकडे आयटी कायद्याचं कलम 67-ब पहिल्याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड सांगतं. दोन्ही कायदे लागू होत असतील तर जास्त असलेली शिक्षा द्या, असं पोक्सोचं कलम 42 सांगतं.

'मी फक्त पाहिलं' ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी बंद केली. नुसतं डाउनलोड करून पाहणं गुन्हा नाही, हा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल त्याने रद्द केला. फाइल न मिटवता, न कळवता ठेवली, तर त्यावरूनच इरादा ताडता येतो. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दही न्यायालयांनी वापरू नये, कारण ते मुलाचं शोषण आहे, असं न्यायालयाने बजावलं.

पण दंड आणि 5 वर्षं यांच्या मधला आकडा कसा ठरवायचा? इंग्लंडमध्ये त्यासाठी लेखी तक्ता आहे. चित्रातला छळ किती गंभीर, आणि आरोपीने ते बाळगलं, वाटलं की बनवलं, यावर तिथे सुरुवातीची शिक्षा ठरते. अमेरिकेत चित्रं मोजतात, संख्या वाढत गेली की शिक्षेचे गुण वाढतात. मला हे मोजणं पटत नाही. क्लाउड बॅकअप आपोआप हजार फाइली उतरवतो, आणि एकच व्हिडिओ 200 जणांच्या ग्रुपवर टाकणारा त्याहून जास्त नुकसान करतो. आपल्याकडे असा कुठलाच तक्ता नाही, सगळं न्यायाधीशांच्या विवेकावर. आणि पहिल्या पायरीचा दंड? चाचांच्या हातातला मोबाइल त्याहून महाग होता.

मी फोन फॉरमॅट केला नाही. व्हिडिओ टाकणाऱ्याचा नंबर आणि ग्रुपचं नाव उतरवून घेतलं, पोराला शेजारी बसवून सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरायला लावली. (पुरावा म्हणूनसुद्धा व्हिडिओ कुणालाही फॉरवर्ड करू नका, तोही गुन्हाच ठरू शकतो.) तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते, हे ऐकून चाचा जरा सैलावले. तरी म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरीसाठी आपलं पोर अडकवणार का?"

ती पोर कुठली, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. लातूरची असेल, निलंग्याचीही असेल.