भोपाळच्या वहीत पांढुर्ण्याचे पान कोठे?

१२ मार्च २०२५ रोजी मध्य प्रदेशाचे अर्थमंत्री श्री. जगदीश देवडा यांनी २०२५-२६ चे अंदाजपत्रक विधानसभेपुढे मांडले. आकडा होता ४,२१,०३२ कोटी रुपयांचा. एवढी रक्कम कानी पडली की सामान्य माणसाचे डोळे दिपतात. क्षणभर आमचेही दिपले. पण डोळे चोळून आम्ही एक साधा प्रश्न विचारतो, आणि तो विचारण्याचा पांढुर्णा व सौसर येथील प्रत्येक करदात्यास अधिकार आहे. ह्या रकमेतून आमच्या जिल्ह्याच्या वाट्यास किती येणार होते, आणि आले किती? अंदाजपत्रकाच्या जाडजूड ग्रंथांत दिवा लावून शोधले तरी ह्याचे उत्तर एका पानावर सापडावयाचे नाही. एखादा रस्ता, एखादा पूल नावानिशी भेटेल. जिल्ह्याची बेरीज भेटणार नाही.

असे का होते, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. तालुक्याचा अधिकारी आपल्या गरजा जिल्ह्यास कळवितो, जिल्ह्याचा अधिकारी खातेप्रमुखास. खातेप्रमुख त्यांची बेरीज करतो आणि अर्थखाते त्या बेरजेतून वजाबाकी करते. मग संविधानाच्या २०२ व्या कलमान्वये वार्षिक विवरण सभागृहापुढे येते आणि २०३ व्या कलमान्वये खर्चाच्या मागण्या मतास टाकल्या जातात. परंतु मागणी असते खात्याची; सिंचनाची, शिक्षणाची, आरोग्याची. बेरजेच्या ह्या गिरणीत तालुक्याचे नाव पार दळून निघते. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेवाचून एकगठ्ठा संमत होतात, आणि २३० आमदारांच्या त्या सभागृहात आमचे दोन आमदार काय बोलले अथवा बोलू शकले नाहीत, ह्याचाही पत्ता लागत नाही.

अंदाजपत्रकात तीन रकाने असतात. येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्यामागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. भाषणे होतात ती पहिल्यावर, जाहिराती निघतात त्याही पहिल्यावर. खरे वर्तमान असते तिसऱ्यात. महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून तरतूद अखर्चित राहिल्याचे व ती वर्षअखेरीस परत केल्याचे शेरे निघतच असतात. मग ती अखर्चित राहिलेली रक्कम कोणाची होती? सौसरच्या दवाखान्याची की दुसऱ्या कोणाची? तिसरा रकाना जिल्हावार छापलेला नसेल, तर हे कोणी कसे सांगावे?

पांढुर्णा जिल्ह्याची जन्मकथाच पाहा. जिल्हा अस्तित्वात आला ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आणि ९ ऑक्टोबरला निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. मुहूर्त काढणाऱ्या ज्योतिषास आमचा दंडवत! त्या वर्षाचे अंदाजपत्रक मार्चमध्येच मांडून झालेले होते, तेव्हा जिल्हा जन्मासही आला नव्हता. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये केवळ लेखानुदान घेण्यात आले. पूर्ण अंदाजपत्रक मांडले गेले ३ जुलैला. बाळ नऊ महिन्यांनी जन्मास येते. येथे जन्मल्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी दुधाची तजवीज विचारात घेण्यात आली. जिल्हा म्हणजे कलेक्टर व पोलीस अधीक्षक यांच्या दोन पाट्या नव्हेत. त्यास रुग्णालय, कचेऱ्या, माणसे आणि ह्या सर्वांसाठी पैसा लागतो.

२०२५-२६ चे अंदाजपत्रक शून्याधारित पद्धतीने रचले, असे सरकारने अभिमानाने सांगितले. पद्धत वाईट नाही. गतवर्षाच्या आकड्यावर चार टक्के चढवून मोकळे व्हावयाचे, ह्यापेक्षा प्रत्येक योजनेस शून्यापासून आपली गरज सिद्ध करावयास लावणे केव्हाही बरे. परंतु ज्यास गतवर्षच नाही अशा नव्या जिल्ह्यास शून्य म्हणजे काय ते शिकवावयास नको.

हिशेब ठेवणे अशक्य आहे, अशी सबब कोणी सांगू नये. प्रत्येक रुपया कोषागारातून निघतो, आणि कोणत्या अधिकाऱ्याने कोठे काढला ह्याची नोंद असते. लाडली बहना योजनेकरिता त्याच अंदाजपत्रकात १८,६६९ कोटींची तरतूद होती; तिचे पैसे कोणत्या गावच्या कोणत्या भगिनीच्या खात्यात गेले, हे शासनास नावानिशी ठाऊक असते. महिलांसाठी वेगळे विवरण निघते, २०२२-२३ पासून बालकांसाठीही निघते. केरळ राज्य तर अंदाजपत्रकास चौथे परिशिष्ट जोडून प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे तिची रक्कम छापते. मग जिल्ह्यांचेच विवरण निघू नये, असे कोणते विघ्न आडवे आले आहे?

महाराष्ट्रात सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भास लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे अभिवचन दिले आणि ते पुरते पाळले गेले नाही. पण तेथे निदान १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने जिल्हा हे एकक धरून राज्याच्या सरासरीशी तुलना केली आणि अनुशेष आकड्यांत मांडला. आकडा हाती असल्यामुळे विदर्भास भांडता आले. १९५६ पर्यंत आमचीही अंदाजपत्रके नागपुरात संमत होत. १ नोव्हेंबरला राजधानी भोपाळला गेली, आणि सौसर तालुका मात्र त्या अनुशेषाच्या वहीतही नाही व ह्या वहीतही नाही. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत सौसरच्या नावाचा खडकांचा एक समूहच आहे! येथल्या मँगनीजचे स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जमा होते. जमेच्या बाजूस आमची आठवण राहते, खर्चाच्या बाजूस विस्मरण होते.

भाषेचाही प्रश्न येथे येतोच. ४ सप्टेंबर १९५६ च्या केंद्र सरकारच्या निवेदनात म्हटले आहे की, ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य पंधरा ते वीस टक्के असतील तेथे शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. आमचे दोन्ही तालुके त्या कसोटीस सहज उतरतात. लिपी एकच म्हणून भाषाही एकच, असे धरून चालणाऱ्यांनी ‘पुनरीक्षित अनुमान’ म्हणजे काय, हे पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्याच्या बागाइतदारास एकदा विचारून पाहावे.

सौसर व पांढुर्णा येथील उभय आमदारांस आमची विनंती आहे. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात एकच तारांकित प्रश्न टाकावा. २०२४-२५ मध्ये पांढुर्णा जिल्ह्यासाठी खातेवार मूळ तरतूद किती, सुधारित किती, प्रत्यक्ष खर्च किती, आणि परत गेले किती? पक्ष कोणताही असो, प्रश्न विचारावयास पक्षाची परवानगी लागू नये. उत्तर आले तर ते आम्ही ह्याच पानावर मराठीतून, आकड्यासाठी आकडा, छापू. न आले तर पुढील अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी हाच प्रश्न पुन्हा छापू.