रंगवलेला तालुका, झाकलेले गाव

नकाशा हा निरुपद्रवी कागद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सीमाभागात चार दिवस राहून पाहावे. येथील माणसाच्या अंगणातून ती रेघ गेलेली आहे. पूर्वी ती आखण्याचा अधिकार दिल्लीला होता. आज संगणकावर बसलेला कोणीही हौशी भूगोलप्रेमी अर्ध्या तासात भारतातील भाषांचा देखणा, रंगीत नकाशा सिद्ध करतो आणि दिवे लागणीपर्यंत तो घरोघरच्या मोबाइलवर पोहोचतो. बेळगाव जिल्हा एका रंगात, कोल्हापूर जिल्हा दुसऱ्या रंगात आणि मध्ये राज्याची सीमा! पाहणाऱ्याने काय समजावे? रेघेच्या अलीकडे एक भाषा, पलीकडे दुसरी. मग वाद उरला कसला?

हा नकाशा काढणारा बहुधा कपटी नसतो. दोष आहे तो त्याने निवडलेल्या एककाचा, आणि त्या दोषाची आमची ओळख जुनी आहे. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने जिल्हा हेच माप हाती घेतले, चंदगड तालुका तेवढा वगळला आणि उरलेला बेळगाव जिल्हा कर्नाटकाच्या पदरात टाकण्याची शिफारस केली. बेळगाव शहर, त्याभोवतीची खेडी, खानापूर, निपाणी यांची मराठी जिल्ह्याच्या बेरजेत बुडाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या बेरजेला कायद्याचे बळ मिळाले. तेव्हा जे लेखणीने झाले, तेच आज रंगाच्या कुंचल्याने होत आहे.

न्यायाचे दुसरे माप नव्हते काय? होते! आंध्र आणि मद्रास यांच्या सीमातंट्यात पाटसकरांनी खेडे हे एकक मानले, सलगता आणि भाषिक बहुसंख्या या कसोट्या लावल्या आणि १९५९ च्या कायद्याने त्याप्रमाणे गावांची अदलाबदल झाली. तेच माप महाराष्ट्राने मागितले. १९५१ च्या जनगणनेच्या आधारे महाजन आयोगापुढे ८१४ गावांची मागणी मांडण्यात आली. १९६७ साली आयोगाने २६४ गावे देऊ केली आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. २००४ साली हा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. सारा झगडा गावाचा आहे, आणि लोकांच्या डोळ्यांपुढे नाचतो तो जिल्ह्याचा नकाशा!

रंगाची ही लबाडी नीट समजून घेतली पाहिजे. समजा, एका तालुक्यात १०० गावे आहेत. ५५ गावांत एक भाषा, ४५ गावांत दुसरी. बहुसंख्येचा रंग फासला की ती ४५ गावे कागदावरून नाहीशी होतात. ५१ टक्के आणि ९९ टक्के यांना एकच रंग मिळतो. शिवाय रंग जमिनीला लागतो, माणसांना नव्हे. खानापूर तालुक्याचा मोठा भाग अरण्याचा आहे. तो सगळा आपल्या रंगाने भरलेला पाहून आमच्यातील काही उत्साही मंडळी हरखून जातात. पण झाडांची मातृभाषा कोणत्या प्रगणकाने विचारली होती? जो दोष दुसऱ्याच्या नकाशात आम्ही दाखवतो, तो आमच्या नकाशात खपवून घेण्याचे कारण नाही. गावागणिक ठिपका द्या, लोकसंख्येच्या प्रमाणात त्याचा आकार ठेवा, टक्केवारीप्रमाणे रंगाची छटा ठेवा आणि खाली जनगणनेचे वर्ष लिहा. मग सत्य आपले आपण बोलू लागते.

हे काम करायला आज सरकारी खाते लागत नाही. क्यूजीआयएस ही नकाशे रचण्याची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या धोरणानंतर भारतीयांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट राहिलेली नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून घडवलेला नकाशा २००४ पासून उभा आहे. त्यात प्रत्येक गावाच्या मुख्य नावाखेरीज प्रत्येक भाषेतील नावाला स्वतंत्र रकाना असतो, आणि कोणी कधी काय बदलले याची नोंद सर्वांना पाहता येते. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा फलक उखडला गेला, तेव्हा पोलिसांच्या लाठ्या चालल्या. नकाशातील मराठीचा रकाना भरायला मात्र कोणाची लाठी आड येत नाही. आड येतो तो आमचा आळस. आमच्या गल्ल्या, वाड्या, शिवारे आणि देवळे यांची नावे आम्हीच शुद्ध मराठीत लिहिणार नाही, तर कोण लिहिणार?

मात्र एक पथ्य कडकडीत पाळले पाहिजे. कन्नड रकान्याला हात लावायचा नाही. कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. वैर आहे ते अन्यायाशी. न्यायालयाच्या निकालाआधी सीमेची रेघ आपल्या हौसेने सरकवायची नाही. आधार न सांगता रंगवलेला नकाशा पुढे ढकलायचा नाही. असा एक खोटा नकाशा प्रतिपक्षाच्या हाती कोलीत देतो आणि दहा खऱ्या नकाशांवर अविश्वास ओढवतो.

‘१९५१ चे आकडे शिळे झाले,’ असा टोमणा आम्हांला ऐकवला जातो. ठीक आहे, ताजे आकडे द्या! २०११ च्या जनगणनेतील मातृभाषेचे खेडेनिहाय तक्ते लोकांपुढे का येऊ नयेत? १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरलेल्या जनगणनेत ते गावागणिक प्रसिद्ध करण्याचे वचन केंद्राने का देऊ नये? आकडे दडवायचे आणि वर जुन्या आकड्यांना हसायचे, हा कुठला न्याय?

नकाशा सीमा बदलत नाही, हे आम्ही जाणतो. सीमा बदलते ती लोकांच्या निर्धाराने आणि न्यायाच्या निर्णयाने. पण न्यायाधीशही नकाशा पाहतो, आणि तमिळनाडूतील वा बंगालमधील ज्या नागरिकाला आमची व्यथा ठाऊक नाही, तोही नकाशाच पाहतो. त्याच्या डोळ्यांपुढे गाव आणायचे की तालुका, हे आता आमच्या हाती आहे. प्रत्येक गावातील दोन शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. १७ जानेवारीला हुतात्म्यांना फुले वाहणाऱ्या हातांना एवढे जड नाही.