डबा कोणी भरायचा?

टाइम कॅप्सूल म्हटलं की डोळ्यांसमोर येतो स्टीलचा चकचकीत सिलिंडर, खोदलेला खड्डा आणि खड्ड्याभोवती फोटोसाठी उभे असलेले पाहुणे. मला बोलायचंय ते दुसऱ्याच डब्याबद्दल. हल्ली काही शाळांत वर्ष सुरू झालं की मुलांकडून एक छोटीशी कालकुपी करून घेतात. (कालकुपी हा शब्द मला आजोबांनी दिला. कॉन्व्हेंटमध्ये कोण देणार?) उंचीएवढी सुतळी कापायची, हाताचा ठसा घ्यायचा, जिवलग मैत्रीण कोण, भीती कशाची वाटते, मोठेपणी काय व्हायचंय ते लिहायचं. डबा बंद! उघडायचा तो वार्षिक परीक्षेनंतर. 'सिलॅबस सोडून हा काय टाइमपास?' म्हणणारे पालक आहेतच. माझं मत उलटं आहे. वर्षातल्या खऱ्या कामाच्या तासांपैकी हा एक तास. फक्त डबा मुलानं स्वतः भरला पाहिजे.

मोठ्यांनी भरलेल्या डब्यांचं काय होतं ते बघा ना. १५ ऑगस्ट १९७३ ला इंदिरा गांधींच्या सरकारनं दिल्लीच्या लाल किल्ल्यात कालपात्र पुरलं. त्यात स्वातंत्र्यानंतरच्या काळाचा इतिहास होता. तो सोयीचा लिहून घेतलाय असा आरोप झाला आणि १९७७ मध्ये सत्ता बदलल्यावर जनता सरकारनं पात्र उकरून काढलं. पुढच्या पिढ्यांसाठी पुरलेली वस्तू पाच वर्षंसुद्धा जमिनीत टिकली नाही!

आपण इंजिनिअर लोक तरी शहाणे असू? अमेरिकेत एमआयटीच्या इंजिनिअरांनी १९३९ मध्ये एक कॅप्सूल ठेवली, पन्नास वर्षांनी उघडायची म्हणून. तिच्यावर सायक्लोट्रॉनचं १८ टनांचं चुंबक बसलं. मुदत भरली तेव्हा ती कोणाच्या लक्षातच नव्हती, आणि असती तरी काढणार कशी बाप्पा? जानेवारी २०१९ मध्ये पंजाबात, इंडियन सायन्स काँग्रेसच्या वेळी शंभर वर्षांसाठी पुरलेल्या कॅप्सूलमध्ये लॅपटॉप आणि स्मार्टफोनही आहेत. चार्जर कोण आणणार? फ्लॅश मेमरीतला चार्ज तर तोवर कधीच गळून गेलेला असेल. त्यापेक्षा मुंबईच्या फोर्टमधल्या अलेक्झांड्रा गर्ल्स स्कूलचा हिशेब मला आवडतो. २०१४ मध्ये पुरलेली त्यांची कालकुपी २०६२ ला उघडायची आहे. तेव्हाच्या विद्यार्थिनी साठीच्या आसपास असतील, येऊन स्वतः बघू तरी शकतील.

शाळेच्या डब्यात तर टाकणारी आणि उघडणारी एकच. म्हणून तिथे खोटं चालत नाही. चालू नये, असं म्हणू या. कारण सहावीत आमच्याही वर्गात हा प्रकार झाला होता. मी मराठीत लिहिलं होतं की मला महालात पतंगाचं दुकान टाकायचंय आणि मला गणिताच्या तासाची भीती वाटते. मिसनी वाचलं, कागद बाजूला ठेवला आणि फळ्यावर एक नमुना उतरवून दिला, इंग्रजीत. मोठेपणी डॉक्टर व्हायचं, देशाची सेवा करायची वगैरे. सगळ्या वर्गानं तोच फेअर केला. वर्षअखेरीस डबा उघडला तेव्हा माझं पत्र आणि बेंचवरच्या शेजारणीचं पत्र यांत फरक होता फक्त अक्षराचा. सहावीतली मी कशी होते, हे त्या डब्यातून मला कधीच कळणार नाही. त्यापेक्षा आमच्या महालातल्या जुन्या घराची दाराची चौकट बरी. तिच्यावर बाबांच्या, आत्याच्या आणि माझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि दहा वर्षांचे बाबा माझ्यापेक्षा दोन बोटं बुटके होते हे तिथे लपत नाही!

आता घर फ्लॅट स्कीमला द्यायचं चाललंय. चौकट राहील की नाही माहीत नाही.

हे सगळं कॉलेजच्या अंकात का लिहितेय? कारण आपल्या फर्स्ट इयरला हे सुरू करावं असं मला वाटतं. इंडक्शनला भाषणं होतात, फाइल मिळते, टोपी मिळते. त्यातला अर्धा तास द्या. प्रत्येकानं, हव्या त्या भाषेत, एकच लिहायचं: मी इंजिनिअरिंगला का आलो? बाबा म्हणाले म्हणून, सीईटीत मार्क पडले म्हणून, भाऊ पुण्यात जॉबला आहे म्हणून, काहीही. सरांनी वाचायचं नाही. लिफाफा चिकटवायचा, आठव्या सेमला उघडायचा. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये आपण जे 'सिन्स चाइल्डहूड' वगैरे पाठ म्हणतो, त्याच्या आदल्या दिवशी हा कागद हातात पडला तर काय मजा येईल!

लिहा पेन्सिलीनं, ग्रॅफाइट फिकं पडत नाही. पेन ड्राइव्ह नको. आणि पुरू बिलकूल नका. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, सिव्हिलवाल्यांना विचारा. लायब्ररीतलं एक लोखंडी कपाट पुरे.

प्रश्न उरतो तो मध्येच गेलेल्यांचा. आमच्या बॅचमधले चार जण आज वर्गात नाहीत. दोघांची बॅक लागली, एक बीएस्सीला गेला, एक गावी परत गेली, का ते कोणी विचारलंही नाही. त्यांचे लिफाफे रद्दीत जायला नकोत. प्रत्येक लिफाफ्यावर घरचा पत्ता लिहून घ्यावा आणि वेळ आली की ते पोस्टानं पाठवावेत. तिकिटाचे पैसे गॅदरिंगच्या बजेटमधून सहज निघतील.