सरड्याची धाव

गेल्या वर्षी साठवलेल्या पैशांतून मी एक वापरलेली ७०-३०० मि.मी.ची झूम लेन्स घेतली. किंमत रुपये नऊ हजार. "एवढ्यात काय काय आलं असतं!" असे आई म्हणाली, तेव्हा वाणिज्य शाखेत शिकत असूनही मला हिशेब देता आला नाही. तो आज देतो.

जमेची बाजू भक्कम आहे. आमच्या वाळपईला जंगल उशाशी. म्हादई अभयारण्य १९९९ साली झाले, २०८ चौ. कि.मी.चे. वडाची फळे खायला येणारा धनेश (खानापूरकडचा माझा मित्र त्याला 'मंगट्टे' म्हणतो) मोबाइलमध्ये नुसता ठिपका दिसतो. या लेन्समधून त्याच्या चोचीवरचे शिंग दिसते. शिगम्यात घोडेमोडणी पाहतानाही मी गर्दीच्या मागे उभा राहून नाचणाऱ्याच्या हातातली तलवार टिपू शकतो. मोबाइलवाले थेट रिंगणात घुसतात आणि म्हाताऱ्यांच्या शिव्या खातात.

आता नावेची बाजू. तीनशेवर या लेन्सचे छिद्र ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. २.८ ची लेन्स चौपट उजेड घेते, पण नव्या लेन्सला लाखाच्या वर मोजावे लागतात. सकाळी सातला झाडोऱ्यात तिला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरत असेल, तर आम्हाला सव्वाशेवा लागतो. तेवढ्यात पक्षी मान वळवतो आणि चित्र पुसट होते. दुकानदार सांगतो, "हात हलला तरी चालतं." हात हललेला चालतो हो, पक्षी हललेला नाही! शिवाय पूर्ण उघडलेल्या छिद्राला चित्र जरा मऊच येते. ते आठवर आणावे तर ऊन हवे, आणि सत्तरीच्या पावसाळ्यात ऊन कुठले? तेव्हा लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ती आईच्या पापडाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झोपते.

इथवर हिशेब जुळतो. खरी तूट पुढे आहे.

गेल्या मार्चमध्ये आम्हा तिघांना धनेशाची ढोली सापडली. मादी आत स्वतःला लिंपून कोंडून घेते. नर बाहेरून फटीतून फळे भरवतो. तीनशेवर ढोली लहान दिसत होती. एक जण म्हणाला, "आणखी वीस पावलं." आम्ही दहाच गेलो. नर आला, पलीकडच्या फांदीवर बसला आणि तिथेच बसून राहिला. अर्धा तास झाला तरी तो ढोलीकडे गेला नाही. शेवटी आम्हीच मागे फिरलो.

स्वस्त लेन्स 'पोचत नाही' ही तक्रार सगळे करतात. माझे म्हणणे, ती पोचत नाही तिथे आपण थांबत का नाही? सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून आपण हसतो, पण सरडा निदान कुंपण तरी ओळखतो. महागड्या लेन्सने हा रोग बरा होतो असेही नाही. सहाशेवालाही दोन पावले पुढे सरकताना मी पाहिला आहे. दोष थोडा परीक्षकांचाही आहे. पक्षी जितका मोठा, तितके गुण जास्त! आपल्या छायाचित्र स्पर्धेत घरट्यांची चित्रे घेऊच नयेत, असे मी इथे जाहीरपणे सुचवतो.

माझे यंदाचे चित्र ठरले आहे. अख्खा वड, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा धनेश.