बॅलन्स नव्हे, उसनवारी

आमच्या क्षेत्रात दर दुसऱ्या माणसाला रविवारी दुपारी डॉक्टर व्हावंसं वाटतं. सोमवारच्या पहिल्या मीटिंगपर्यंत ते टिकतंच असं नाही, पण वाटतं खरं. मग कुणीतरी ग्रुपवर ओडिशाच्या जयकिशोर प्रधान यांची बातमी टाकतं. स्टेट बँकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी २०२० साली नीट पास होऊन वयाच्या ६४व्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतला. खाली अंगठे, जोडलेले हात, 'वय हा फक्त आकडा आहे' वगैरे.

बातमी खरी आहे आणि मोठीही आहे. पण तिच्यातला एक शब्द सगळे गिळून टाकतात: निवृत्त. नोकरी चालू, लेकरू लहान, आईवडील थकलेले आणि वर हा अभ्यास, अशांचं काय? त्यांना आपण 'बॅलन्स साधा' म्हणून सांगतो. मला या शब्दाचाच राग आहे. आज त्याबद्दल लिहितो.

आधी दार किती उघडं आहे ते बघू. २०१७ मध्ये नीटला वयाची कमाल मर्यादा आली, खुल्या गटाला २५ आणि राखीव गटांना ३०. पुढे कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती अट काढूनच टाकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अजून एक गाठ सुटली. बारावीला बायोलॉजी नव्हतं, तर तो विषय नंतर वेगळा देऊनही नीटला बसता येतं. म्हणजे माझ्यासारखा गणितवाला इंजिनिअरसुद्धा कागदोपत्री पात्र होऊ शकतो.

दार उघडं, पण आतला जिना अठरा वर्षांच्या पायांसाठी बांधलेला. तीन तासांत १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले निम्मे प्रश्न बायोलॉजीचे. पुढे साडेचार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी. संध्याकाळचा एमबीबीएस नाही, पार्ट टाइम नाही, पत्राने तर नाहीच. अमेरिकेत आधी पदवी आणि मग मेडिकल असा क्रमच असल्याने तिथे अठ्ठाविशीचा फर्स्ट इयर कुणाला खटकत नाही. इकडे बत्तिशीची बाई हॉलतिकीट घेऊन रांगेत उभी राहिली की मागची मुलगी विचारते, "काकू, तुमची मुलगी कुठंय?"

हे माझ्या वहिनीला विचारलं गेलं, म्हणून माहीत. वहिनी उमरग्यात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. दादा झेडपीच्या शाळेत शिक्षक, पुतणी दुसरीत, आई एकसष्ट वर्षांची. बारावीला वहिनीचं फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी होतं, पण घरच्यांनी 'लवकर नोकरी लागेल' म्हणून नर्सिंगला घातलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या ऑर्डरी वाचून इंजेक्शनं दिल्यावर तिला ऑर्डर लिहायची आहे. यात मला तरी काही चूक दिसत नाही.

आता माझ्या सवयीने हिशोब मांडतो. दिवसपाळीच्या आठवड्यात ती पहाटे साडेचार ते साडेसहा अभ्यास करते. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी झोपून उठल्यावर पोरगी शाळेतून येईपर्यंत जे मिळतं ते. रविवारचे चार-पाच तास धरले तर आठवड्याचे फार तर वीस. लातूरला खोली करून राहिलेला पोरगा रोजचे दहा तास बसतो असं समजा, म्हणजे आठवड्याचे सत्तर. वहिनी वर्षभरात जेवढे तास अभ्यास करते, तेवढे तो साडेतीन महिन्यांत संपवतो. टाइम मॅनेजमेंटचं कुठलंही ॲप ही दरी बुजवत नाही.

'मग झोप कमी करायची' असं सांगणारे आहेत. रात्रपाळीच्या नर्सने झोप कमी करायची म्हणजे ती पेशंटच्या जिवातून काढायची! तेवढं तरी नको.

तेव्हा तास येतात कुठून? दुसऱ्यांकडून. भाकऱ्या आता आई थापते, गुडघे दुखत असताना. पोरीचा गृहपाठ आणि दोन्ही वेळची भांडी दादाकडे. वहिनीने महिन्यातल्या काही पाळ्या सोडल्या, त्याचा पगार कापला जातो. टेस्ट सिरीजची फी मी भरतो, पण ते सगळ्यात सोपं काम आहे. आणि आईची आषाढीची दिंडी सलग दोन वर्षं राहिली. विचारलं तर म्हणाली, "इठोबा कुठं पळून चाललाय व्हय? तिचा पेपर होऊ दे आदी."

याला बॅलन्स म्हणत नाहीत. तराजूत दोन्ही पारडी आपलीच असतात. इथे शेजारून वाटीभर साखर आणावी तसा वेळ आणलेला आहे. ही उसनवारी आहे, आणि उसनवारी मोजून आणायची असते, लक्षात ठेवून फेडायची असते. यशाच्या बातम्यांचा दोष एवढाच, की त्यांत घेणाऱ्याचा फोटो असतो आणि देणाऱ्याचं नावही नसतं.

जुनं उदाहरण घ्या. रखमाबाई राऊत १८९४ साली इंग्लंडमधून डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या तिशीत पोचल्या होत्या. लहानपणी झालेलं लग्न नाकारून कोर्टात उभं राहण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. त्यांची जिद्द आपण सांगतो आणि ती होतीच. पण लंडनचं शिक्षण लोकांनी जमवलेल्या निधीवर झालं, आणि पाठीशी कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची होत्या. म्हणजे तिथेही देणारे होते. रखमाबाईंनी ते फेडलं कसं, तर सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने सांभाळून.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे घ्यायला हवा. सरकारी सीटवर लोकांचा पैसा खर्च होतो; ती तेहतिशीच्या बाईला दिली तर सेवेची वर्षं कमी होतात. बरोबर. पण तेहतिसाव्या वर्षी शिरलेली बाई एकोणचाळिशीच्या आत बाहेर पडते. साठीपर्यंत वीस वर्षं उरतात, आणि ती कुठे जातील हाही प्रश्न आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं झोपली. तेव्हापासून आमच्या भागाला एक गोष्ट पक्की कळली आहे: डॉक्टर जवळ असणं आणि डॉक्टर कुठेतरी असणं यांत फरक आहे. जिचं घर, सासू, लेकरू सगळं उमरग्यात आहे, ती पुण्या-मुंबईला दुकान थाटायची शक्यता कमी, असं माझं मत. २०२२ पासून धाराशिवलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. निदान स्वप्न जिल्ह्याच्या आत बसतं.

अजून एक बोचणारी गोष्ट. पुरुष अभ्यासाला बसला की घर आवाज बंद करतं. बाई बसली की घर विचारतं, "आज भाजी काय?" त्यामुळे मोठ्या वयात शिकणं सगळ्यांना अवघड असलं तरी सारखं अवघड नाही. बायकोच्या उसनवारीवर शिकलेले पुरुष आपल्याकडे ढिगाने आहेत. उलट उदाहरणं बोटांवर मोजावीत.

आमच्या घरी गेल्या दिवाळीत सगळे बसून बोलले. किती वेळा परीक्षा द्यायची? अजून दोनदा. बचतीतलं किती मोडायचं? तेही ठरलं. काय अजिबात मोडायचं नाही? पोरीचा रात्री झोपतानाचा अर्धा तास, आणि यंदा आईची दिंडी. त्या पंधरवड्यात भाकरी बाहेरून येईल, वहिनीचा अभ्यास मागे पडला तरी चालेल. हे वहिनीनेच सांगितलं. मागच्या परीक्षेत तिला ४०२ पडले, ते पुरले नाहीत. पुढच्या वेळी पुरतील का, कोण सांगणार?

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असलं काही असेल, डॉक्टरकी असो, एमपीएससी असो की आणखी काही, तर क्लास शोधण्याआधी घरच्यांना एकत्र बसवा. कुणाकडून काय घेताय ते त्यांच्यादेखत बोला आणि परत कधी देणार तेही सांगा. आणि घरातलं दुसरं कुणी शिकत असेल, तर उठा आणि भांडी घासायला घ्या. प्रेरणादायी मेसेज नंतर पाठवा.