ज्याची त्याची चाल

आमचें बुलढाणें अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलें आहे. उत्तरेस मलकापुराकडे जावयाचें तर राजूरचा घाट उतरावा लागतो, आणि खामगांवाकडे जावयाचें तर बोथ्याचा. दक्षिणेस चिखली-मेहकराकडे मात्र पठाराचा मोकळा रस्ता आहे. ज्या वाटांनीं एके काळीं दमण्या आणि बैलगाड्या चालत, त्याच वाटांनीं आज मोटारसायकली धांवतात. शेतावर जाणारा, शाळेंत शिकविणारा, कचेरींत नोकरी करणारा, जो तो तिच्यावर स्वार झालेला दिसतो. या वाहनाचा उपयोग सर्वांस होतो यांत संशय नाहीं. परंतु त्याचा आनंद किती जणांस होतो हा प्रश्न निराळा आहे. आणि या महिन्यांत त्याचाच थोडा विचार वाचकांपुढें मांडावा असें मनांत आहे.

निमित्त घरांतलेंच आहे. धाकट्या बंधूंचा मुलगा गेल्या वर्षापासून मित्रमंडळींबरोबर रविवारीं मोटारसायकलीवरून भटकावयास जाऊं लागला. त्याची गाडी शंभर सी. सी. ची, वडिलांच्या हातची. मित्रांच्या गाड्या दुप्पट-चौपट ताकदीच्या. एका रविवारीं ही मंडळी लोणारास जाऊन आली. परत आल्यावर घरांत सर्वांनीं मोठ्या उत्सुकतेनें विचारपूस केली, तों चिरंजीव गप्प! रात्रीं जेवणें आटोपल्यावर हळूच म्हणाला,

“काका, ही गाडी विकून टाकावी म्हणतों.”

“कां रे? रस्त्यांत बंद पडली काय?”

“बंद नाहीं पडली. पण प्रत्येक थांब्यावर मी सर्वांच्या शेवटीं पोंचतों. सगळे माझी वाट पाहात बसलेले असतात. लाज वाटते.”

“बरें, लोणार कसें वाटलें?”

“तें नीटसें पाहिलेंच नाहीं,” तो म्हणाला, “मी पोंचलों तेव्हां मंडळी निघण्याच्या तयारींत होती.”

या उत्तराचें आम्हांस फार वाईट वाटलें. काळ्या कातळांत अशनीच्या आघातानें झालेलें, सुमारें १·८ किलोमीटर व्यासाचें तें विवर पाहण्यासाठीं दूरदूरचे शास्त्रज्ञ येतात. २०२० सालच्या जून महिन्यांत तेथील खारें पाणी गुलाबी झालें, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं तो रंग क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचें दाखवून दिलें. त्याच वर्षीं या सरोवरास रामसर यादींत स्थान मिळालें. असें स्थळ आपल्या जिल्ह्यांत असावें, मुलगा तेथपर्यंत जावा, आणि पाहून काय यावा, तर पुढें गेलेल्या गाड्यांच्या मागच्या बाजू!

तुलना करावयाची ती कोणाशीं, हें एकदां ठरवूं गेलें कीं मोठी मौज होते. १८८५ सालीं जर्मनींत डाइमलर व मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर अर्ध्या अश्वशक्तीचें यंत्र बसवून दुचाकी चालविली. तिचा वेग ताशी सुमारें १२ किलोमीटर. साधा सायकलस्वारही तिला मागें टाकूं शकला असता. १९०७ सालीं इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर मोटारसायकलींची पहिली प्रसिद्ध शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या चार्ली कॉलियर याचा सरासरी वेग होता ताशी सुमारें ६१ किलोमीटर. आमच्या पुतण्याची शंभर सी. सी. ची गाडी चिखलीच्या सपाट रस्त्यावर तितका वेग सहज घेते. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं ज्या वेगानें मनुष्य विजयी ठरला, त्याच वेगाची आज या मुलास लाज वाटते! वेग तोच आहे. बदलले ते बरोबरचे लोक.

आतां घाईचा जमाखर्चही पाहूं. नव्वद किलोमीटरांचा रस्ता ताशी ४५ च्या वेगानें दोन तासांत संपतो, ६० च्या वेगानें दीड तासांत. जमेस अर्धा तास आला, आणि तोही बहुधा चहाच्या टपरीवर मागच्यांची वाट पाहण्यांत जातो. खर्चाची बाजू मात्र मोठी आहे. वेग ४० चा ८० झाला म्हणजे तो दुप्पट झाला, परंतु गाडीच्या अंगची ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारें अंतरही जवळजवळ चौपट होतें. संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एकच सेकंद लागला असें धरलें, तरी तेवढ्यांत पहिली गाडी ११ मीटर आणि दुसरी २२ मीटर पुढें गेलेली असते. बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यांतून जातो. वळणापलीकडे नीलगाय उभी असली तर ती, येणारा स्वार पहिला आहे कीं शेवटचा, हें पाहून बाजूस होणार नाहीं.

याच ज्ञानगंगेंत २०१९ सालाच्या अखेरीस एक वाघ चालत आला. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून तो निघाला होता. विदर्भ-मराठवाड्याचा आणि शेजारच्या तेलंगणाचा मुलूख त्यानें पायांखालीं घातला. गळ्यांतील रेडिओ-पट्ट्यामुळें त्याची वाट कळत गेली, ती सुमारें नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरांहून अधिक भरली. भागाकार करून पाहिला तर दिवसास सरासरी अकरा-बारा किलोमीटरच पडतात. एवढी थोडी चाल, आणि साऱ्या देशांत नांव झालें! कोणास मागें टाकण्यासाठीं तो निघाला नव्हता.

मनुष्यांतला दाखला हवा असेल तर तोही घरचाच आहे. शेगांवाहून श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षीं पंढरपुरास पायीं जाते आणि पायींच परत येते. दिंडींत जो शेवटच्या रांगेंत चालतो तो हरला असें कोणी म्हणत नाहीं, आणि जो पुढें पताका धरतो तोही कोणावर मात करीत नाहीं. सर्वांच्या पायांस झेपेल ती चाल, हाच तेथला नेम असतो.

नागपूर-मुंबईचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्यांतून, मेहकर आणि सिंदखेड राजा या बाजूंनीं गेला आहे. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. त्यावर मोटारींस ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, परंतु दुचाकींस मुळींच प्रवेश नाहीं. तेव्हां वेगाच्या मोठ्या शर्यतींतून मोटारसायकलस्वार आधींच मोकळा झालेला आहे! त्याच्या वांट्यास जुना रस्ता आला, आणि जुन्या रस्त्यावर थांबतां येतें हें त्याचें भाग्य. मेहकरास शार्ङ्गधर बालाजीची मूर्ति पाहावी. सिंदखेड राजास, जेथें १५९८ सालीं जिजाऊसाहेबांचा जन्म झाला तो लखूजी जाधवरावांचा वाडा पाहावा. आणि पैनगंगा बुलढाण्याजवळच्या डोंगरांत उगम पावते, तेथें जाऊन एवढ्या नदीचा आरंभ किती लहान असतो हेंही पाहावें. यांतील एकही गोष्ट पुढच्या गाडीच्या चाकावर नजर ठेवून दिसत नाहीं.

याचा अर्थ सावकाश जाणें हेंच पुण्य, असा मात्र नव्हे. हळू जाण्याचाही अभिमान होऊं शकतो, आणि तीही तुलनाच. ज्याचा हात बसला आहे, ज्याचा रस्ता मोकळा आहे, त्यानें कायद्याच्या मर्यादेंत अंमळ वेगानें जावें. आमच्या थोरल्या सूनबाईंनीं चाळिशींत गाडी शिकून घेतली. त्या ताशी तिसाच्या पुढें जात नाहींत, आणि भाजी आणण्यापासून मुलीस शिकवणीस पोंचविण्यापर्यंत कोणावांचून अडत नाहींत. दोघांचीही चाल योग्यच. डोळा, हात आणि ब्रेक यांचें जेथपर्यंत एकमत आहे, ती आपली चाल. पाऊस पडला, मागें मूल बसलें, वय वाढलें, कीं तीही बदलते. आणि ती बदलूं देण्यांत कमीपणा नाहीं.

परंतु दोष केवळ तरुणांचा आहे काय? सकाळीं मुलगा गाडी काढतो तेव्हां घरांतील वडीलधारीं माणसें दारापर्यंत येऊन “सावकाश जा हो” म्हणतात. तोच मुलगा संध्याकाळीं पाटावर बसला कीं त्याच तोंडांतून निघतें, “अमक्याच्या मुलास किती पगार झाला, ठाऊक आहे ना? तमकी परीक्षेंत कितवी आली?” एकत्र कुटुंबांत तर ही मोजणी घरांतल्या घरांतच चालते, चुलत भाऊ हाच एकमेकांचा मैलाचा दगड होऊन बसतो. दिवसभर ज्यास दुसऱ्याच्या मापानें मोजलें जातें, त्यानें रस्त्यावर गेल्याबरोबर तें माप विसरावें, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. घाटांत जो जीव धोक्यांत घातला जातो, त्याची शिकवण पुष्कळदां माजघरांत झालेली असते.

म्हणून दोन-चार साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. समुदायानें जावयाचें असेल तर थांबे आधीं ठरवावे, आणि मधल्या वाटेंत ज्यानें त्यानें आपल्या चालीनें यावें. फांटा आला कीं पुढच्यानें मागचा दिसेपर्यंत थांबावें. शेवटचा पोंचल्यावर निदान अर्धा तास कोणीं निघूं नये, म्हणजे त्यालाही स्थळ पाहतां येईल. हेल्मेट तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेंच आवश्यक केलें आहे. त्यांत मतभेदास जागा नाहीं. आमच्या पुतण्यानें हे नियम मित्रांपुढें मांडले, तेव्हां आणखी दोघे म्हणाले कीं, आम्हांसही धांवण्याचा कंटाळाच आला होता, पण बोलावें कसें! त्याची गाडी अद्याप विकलेली नाहीं.

आणि घरच्यांनीं एवढेंच करावें. मुलगा, मुलगी, सून, जो कोणी प्रवासाहून परत येईल, त्यास “किती वेळांत आलास?” असें विचारण्याऐवजीं “वाटेंत काय काय पाहिलेंस?” असें विचारावें. विचारल्यावर घटकाभर बसून तें ऐकावेंही. चार-सहा वेळां असें झालें कीं गाडीवर बसतांना मनुष्य आपोआप रस्त्याच्या कडेला पाहूं लागतो. कारण घरीं गेल्यावर कांहीं तरी सांगावयाचें असतें.